कंटेंट तोच, पण मान्यता तीच का? कीटकनाशक आणि त्याची नोंदणी जुळवून पाहण्याची पद्धत

कपाशीवर मावा-तुडतुडे दिसायला लागले की दुकानात पहिला प्रश्न येतो, "इमिडा आहे का?" असतंच. पण इमिडाक्लोप्रिड या एका नावाखाली फडताळात चार वेगवेगळी औषधं उभी असतात. १७.८ टक्के एसएल, ३०.५ टक्के एससी, ७० टक्के डब्ल्यूजी आणि बियाण्याला चोळायचं ४८ टक्के एफएस. चारही डब्यांवर कंटेंट, म्हणजे आतलं मूळ विष, एकच लिहिलेलं, पण सरकारी मान्यता प्रत्येकाची स्वतंत्र. टक्केवारीपुढची अक्षरं औषधाचं रूप सांगतात, ती पहिल्या पायरीत उलगडली आहेत.

कृषी सेवा केंद्रात नव्याने बसायला लागलेली मुलं आणि ज्यांच्या अंगावर फवारणीचं काम पहिल्यांदाच आलं आहे असे शेतकरी, या दोघांसाठी हे लिहितो आहे. हातातला डबा नेमक्या कोणत्या मान्यतेखाली येतो आणि आपण तो जिथे मारणार आहोत तिथे ती मान्यता लागू पडते का, हे स्वतः कसं तपासायचं ते इथे सांगतो.

माझ्या पहिल्याच हंगामातली गोष्ट आहे. एक काका एसएलची रिकामी बाटली घेऊन आले. "मागच्या खेपेचंच देजा भाऊ." एसएल संपलं होतं. मी ७० डब्ल्यूजीची तीस ग्रॅमची पुडी दिली आणि म्हणालो, "कंटेंट तोच आहे काका." तिसऱ्या दिवशी ते परत आले. पुडीत माल कमी निघाला अशी त्यांची तक्रार होती. हिशेब विचारला तेव्हा कळलं, की एसएल ते पंपाला चार मिली टाकत, म्हणून पुडीतले दाणेही चार ग्रॅमच्या अंदाजाने टाकले. अडीच एकरांची पुडी सात-आठ पंपांत संपली होती. पंप पाठीवर घेतला होता त्यांच्या मुलाने, तोंडाला नुसता रुमाल बांधून. मुलाला काही झालं नाही. पण "कंटेंट तोच आहे" हे वाक्य मी त्या दिवसापासून काउंटरवर उच्चारलेलं नाही.

मान्यता नेमकी कशाला मिळते

कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. कायद्याच्या भाषेत तणनाशक, बुरशीनाशक, उंदीर मारायचं औषध, घरातली डासांची कॉइल, सगळं 'कीटकनाशक'च. देशात विकायचं प्रत्येक औषध फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदवावं लागतं. आपल्याकडे तिला नुसतं 'सीआयबी' म्हणतात.

एखादं औषध देशात पहिल्यांदा आणणारी कंपनी कलम ९(३) खाली अर्ज करते. त्यासाठी ती विषारीपणाच्या, परिणामकारकतेच्या आणि पिकात उरणाऱ्या अंशाच्या चाचण्यांची माहिती देते. त्यावरून समिती ठरवते, की हे औषध या टक्केवारीत, या रूपात, या पिकावर, या किडीसाठी, या मात्रेत चालेल. नंतर तेच औषध बनवू पाहणाऱ्या दुसऱ्या कंपन्या कलम ९(४) खाली येतात, त्याला धंद्यात 'मी-टू' नोंदणी म्हणतात. या कलमातली महत्त्वाची गोष्ट अशी, की दुसऱ्या कंपनीला नोंदणी मिळते ती मूळ नोंदणीच्या अटींवरच. म्हणून बाजारात एकाच औषधाचे पन्नास ब्रँड दिसले तरी त्यांचं विष, टक्केवारी आणि रूप एक असेल, तर त्यांच्या मागची मान्यताही त्याच साच्यातली असते. उलट, ब्रँडच्या नावात एक अक्षर किंवा एक आकडा बदलून टक्केवारी बदलली असेल, तर ती मान्यता वेगळी. त्यामुळे जुळवणी करताना ब्रँडचं नाव बाजूला ठेवायचं.

पहिली पायरी: लेबलवरून तीन गोष्टी उतरवा

वहीत लिहायच्या तीन गोष्टी म्हणजे विषाचं तांत्रिक नाव, टक्केवारी आणि रूप. उदाहरणार्थ, 'इमामेक्टीन बेन्झोएट, ५ टक्के, एसजी'. रूप म्हणजे शेवटची दोन-तीन अक्षरं. ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं तेलकट औषध, एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव, एससी म्हणजे दाट, हलवून घ्यावं लागणारं द्रव. एसजी आणि डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात टाकायचे दाणे, डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी, एफएस आणि डब्ल्यूएस बीजप्रक्रियेची. ही अक्षरं बारीक छापलेली असतात आणि नवखा माणूस नेमकी तीच सोडून देतो.

दोन विषांचं संयुक्त औषध असेल तर दोन्ही नावं आणि दोन्ही टक्केवाऱ्या लिहा. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के ईसी ही एक स्वतंत्र नोंदणी आहे. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसीची बाटली वेगळी आणि सायपरमेथ्रीनची बाटली वेगळी घेऊन पंपात एकत्र ओतली, तर ते मिश्रण त्या नोंदणीत बसत नाही. इतर प्रमाणातलं मिश्रण कुणी तपासलेलं नसतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हापासून आमच्या भागात कुणी तीन-चार बाटल्या एकत्र मागितल्या की मी थांबतो. कशासाठी, कुठल्या पिकावर, एकत्र करणार की वेगळं, हे विचारल्याशिवाय बाटली खाली काढत नाही.

दुसरी पायरी: नोंदणी क्रमांक वाचा

लेबलवर 'सीआयआर'ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. पुढे अनुक्रमांक, वर्ष, विषाचं नाव, कंसात रूप आणि शेवटी आणखी आकडे. हा क्रमांक आहे की नाही एवढंच बघून लोक थांबतात. तुम्ही तो पूर्ण वाचा. क्रमांकातलं नाव आणि रूप तुम्ही वहीत लिहिलेल्याशी जुळलं पाहिजे. लेबलवर एससी आणि क्रमांकात एसएल असं दिसलं, तर तिथेच थांबायचं.

शेजारीच उत्पादन परवाना क्रमांक असतो. त्याला नोंदणी समजू नका. परवाना राज्य देतं, अमुक कारखान्याला बनवायची मुभा म्हणून. नोंदणी केंद्र देतं, औषधाला. डब्यावर दोन्ही हवेत. त्याशिवाय बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, अंतिम मुदत, निव्वळ वजन आणि विषावरच्या उताऱ्याची माहिती हवी. डब्यासोबत घडी घातलेलं माहितीपत्रक येतं, ते फेकू नका. विषबाधा झाली तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच लागतं.

लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तोंडावाटे गेल्यावर किती विषारी याच्या मोजमापावरून हे रंग ठरतात. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये चाचणीतले निम्मे प्राणी मरतात तो लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या पुढे हिरवा. हे सविस्तर सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं, की हिरवा रंग म्हणजे कुठल्याही पिकावर चालतं. रंग माणसाला असलेला धोका सांगतो. पिकाची मान्यता त्यातून कळत नाही.

आता 'जैविक', 'हर्बल', 'टॉनिक' अशा नावांच्या बाटल्या. निंबोळीचं अझाडिरॅक्टीन असो की ट्रायकोडर्मा, कीड-रोगासाठी विकायचं तर त्यालाही सीआयबीची नोंदणी लागते. बायोस्टिम्युलंट वेगळ्या कायद्याखाली येतं. ते खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये २०२१ साली आलं आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमच्या वर चालत नाही. म्हणजे 'वाढीचं टॉनिक' म्हणून आलेली बाटली कुणी थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) देत असेल, तर दोनपैकी एक गोष्ट खरी असते. एकतर तिच्याने थ्रिप्स मरणार नाहीत, नाहीतर तिच्यात लेबलवर न लिहिलेलं काहीतरी आहे. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण काय अंगावर उडालं हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

तिसरी पायरी: यादीत आपली ओळ शोधा

वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या संकेतस्थळावर (पीपीक्यूएस डॉट गव्ह डॉट इन) नोंदणी समितीचा विभाग आहे. तिथे 'मेजर यूजेस ऑफ पेस्टिसाइड्स' नावाच्या याद्या मिळतात. कीटकनाशकांची वेगळी, बुरशीनाशकांची वेगळी, तणनाशकांची वेगळी. यादीवर ती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे लिहिलेलं असतं. ती तारीख आधी बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी दोन वर्षं जुनी फाइल वापरू नका.

यादी इंग्रजीत आहे. पण लागणारे शब्द मोजके आहेत, एका बैठकीत पाठ होतात. एफिड म्हणजे मावा, जॅसिड म्हणजे तुडतुडे, थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, व्हाइटफ्लाय म्हणजे पांढरी माशी, बोलवर्म म्हणजे बोंडअळी. डाळींच्या नावांत मात्र हमखास गफलत होते. रेड ग्राम म्हणजे तूर, बेंगॉल ग्राम म्हणजे हरभरा, ग्रीन ग्राम म्हणजे मूग आणि ब्लॅक ग्राम म्हणजे उडीद. ब्लॅक ग्रामला काळा हरभरा समजून चुकीची ओळ वाचलेली मी पाहिली आहे.

पहिल्या पायरीत लिहिलेलं नाव, टक्केवारी आणि रूप हे तिन्ही जुळणारा मथळा शोधा. त्याखाली पिकांच्या ओळी असतात. आपलं पीक आणि आपली कीड दोन्ही एकाच ओळीत सापडली, तरच जुळलं म्हणायचं. पीक आहे पण कीड दुसरीच आहे, किंवा कीड आहे पण पीक दुसरंच आहे, याला 'जवळपास जुळलं' म्हणू नका. ग्लायफोसेट ४१ टक्के एसएलचं उदाहरण घ्या. त्याच्या लेबलवर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढंच आहे. कापूस त्यात नाही, तरी विदर्भात ते कपाशीच्या ओळींत मारलं जातं.

चौथी पायरी: मात्रा आणि थांबायचे दिवस

खरी जुळवणी इथे होते, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. पीक कापूस, कीड मावा-तुडतुडे, औषध इमिडाक्लोप्रिड.

१७.८ टक्के एसएलच्या ओळीत हेक्टरी १०० ते १२५ मिली, ५०० ते ७०० लिटर पाण्यात, असं आहे. ७० टक्के डब्ल्यूजीच्या ओळीत हेक्टरी ३० ते ३५ ग्रॅम, ३७५ ते ५०० लिटर पाण्यात. दोन्हींतून शेतात जाणारं विष जवळपास सारखं, हेक्टरी वीस ते पंचवीस ग्रॅम. पंधरा लिटरचा पंप आणि हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं तर ३३ पंप होतात. म्हणजे एसएल पंपाला तीन ते पावणेचार मिली आणि डब्ल्यूजी पंपाला एक ग्रॅम. एसएलच्या सवयीने कुणी हेक्टरी १२५ ग्रॅम डब्ल्यूजी मारलं तर साडेसत्त्याऐंशी ग्रॅम विष पडतं, मान्य मात्रेच्या साडेतीन पटीहून जास्त.

शेवटचा रकाना प्रतीक्षा काळाचा. शेवटची फवारणी आणि वेचणी यांत किमान किती दिवस जायला हवेत ते तिथे असतं. एसएलला कापसात ४० दिवस, डब्ल्यूजीला ७ दिवस. कंटेंट एकच आहे हे विसरू नका. इमामेक्टीन ५ टक्के एसजी घ्या, तर भेंडीत ५ दिवस, कापसात १०, हरभऱ्यात १४. एक दिवसाआड तोडणी होणाऱ्या भेंडीत पाच दिवस पाळायचे म्हणजे दोन तोडे सोडणं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच भाजीवाल्या शेतकऱ्याला मी आधी तोडणीचा वार विचारतो आणि मग प्रतीक्षा काळ कमी असलेली ओळ शोधतो.

यादीतली मात्रा हेक्टरची असते आणि आपण बोलतो एकरात. अडीचने भागा. रोज करत असलात तरी वहीवर लिहून भागा, तोंडी नको.

पाचवी पायरी: मान्यता अजून जिवंत आहे का

नोंदणी एकदा झाली म्हणजे कायमची असं नाही. याच संकेतस्थळावर बंदी घातलेल्या आणि वापरावर निर्बंध असलेल्या औषधांची वेगळी यादी आहे. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, ॲलाक्लोर आणि ट्रायक्लोरफॉन यांना २०१८ च्या आदेशाने मुदत दिली होती, ती ३१ डिसेंबर २०२० ला संपली. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासूनच मनाई होती. २०२३ च्या आदेशाने त्याचं ३६ टक्के एसएल बंद झालं, आधीचा साठा मुदत संपेपर्यंत विकायची सवलत देऊन.

त्याच २०२३ च्या आदेशात काही औषधं राहिली पण त्यांच्या लेबलवरची काही पिकं काढली गेली. क्विनॉलफॉसवरून ज्वारी, ताग आणि वेलची गेली. क्लोरपायरीफॉसवरून बोर, लिंबूवर्गीय पिकं आणि तंबाखू गेले. अशा बदलांची बातमी गावापर्यंत पोचत नाही. नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या बागांत अजून कुणी वडिलांच्या काळापासूनची सवय म्हणून क्लोरपायरीफॉस मागत असेल, तर त्याची चूक नाही. त्याला सांगायची जबाबदारी दुकानदाराची आहे. याशिवाय कलम २७ खाली राज्य सरकारही एखादं औषध साठ दिवसांपर्यंत थांबवू शकतं, तेव्हा हंगामात तालुका कृषी कार्यालयाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

उलटही घडतं. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा तिच्यासाठी नोंदलेलं औषधच देशात नव्हतं. नंतर ते आलं. म्हणून गेल्या वर्षी नसलेली ओळ यंदा असू शकते. दर हंगामाच्या सुरुवातीला यादी नव्याने उतरवून घ्या.

द्राक्षवाल्यांना आणखी एक जुळवणी करावी लागते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या, म्हणजे सीसीसीच्या, अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. निर्यातीच्या बागेसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची 'ॲनेक्शर ५' यादी धरूनच चालायचं. तिच्यात द्राक्षासाठी लेबल क्लेम असलेली, म्हणजे ज्यांच्या मान्य लेबलवर द्राक्ष आहे अशी, औषधं असतात.

दुकानात बसणाऱ्यांसाठी

माल घेताना त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे तिचा माल विकायला तिने दिलेला दाखला, आपल्या परवान्यात चढवलेलं आहे का ते पाहा. औषधाची नोंदणी पक्की असली तरी हे नसेल तर तो माल आपल्याला विकता येत नाही. बिलावर ब्रँडच्या नावाबरोबर कंटेंट, टक्केवारी, बॅच आणि मुदत लिहा. बिलाच्या मागे पीक, पंपाची मात्रा आणि प्रतीक्षा काळ मराठीत लिहून द्या. याला कायद्याची सक्ती नाही, पण घरी गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात तोच कागद असतो.

जुळलं नाही तर

पिकाची ओळच सापडली नाही, तर औषध खराब आहे असा अर्थ होत नाही. तुमच्या कामाचं ते नाही, एवढंच. यादी उलट्या बाजूने वाचा, म्हणजे आधी पीक आणि कीड घेऊन कोणकोणत्या औषधांत ती ओळ आहे ते शोधा. अडलं तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

नोंदणी क्रमांकच नसेल, किंवा क्रमांकातलं नाव लेबलशी जुळत नसेल, तर सील फोडू नका. फोडलेल्या बाटलीत आधी काय होतं यावर नंतर वादच होतात. लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा, बिल सोबत ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा. कीटकनाशक निरीक्षकाला दुकानातल्या साठ्याचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा अधिकार आहे. पक्कं बिल नसेल तर माल कुठून आला हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

पहिल्या औषधाला हे सगळं करताना अर्धा तास जातो. दहाव्याला पाच मिनिटं पुरतात, कारण वहीत पानं तयार होत जातात. आमच्या दुकानातल्या वहीत इमिडाची दोन पानं समोरासमोर आहेत, डावीकडे एसएल, उजवीकडे डब्ल्यूजी. उजव्या पानाच्या माथ्यावर लाल शाईने लिहिलं आहे: पंपाला एक ग्रॅम, चार नाही.